दांडे कापणाऱ्याची कीव येते

मी एक जुनी शिडाची कयाक, म्हणजे अरुंद होडी आहे. नारिंगी रंगाची, दोन माणसं बसतील एवढी लांब, प्लॅस्टिकची, आतून पोकळ. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तुम्ही कधी आलात तर मी काठावर पालथी पडलेली दिसेन. माझ्या अंगावर चार ठिगळं आहेत. मित्रांनो, ती कोणामुळे लागली ते ऐका. मी मुळात कोणाला नावं ठेवणारी नव्हते. माणसांनी मला शिकवलं.

एका कारखान्यात तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. तिथून मला एका रिसॉर्टवाल्याने आणलं. पहिली दोन-तीन वर्षं मी पाहुण्यांना फिरवलं. पाहुणे कसले! बूट घालून चढायचे, वल्हं उलटं धरायचे, फोटो निघाला की उतरायचे. त्यांतल्या एकानेही कधी पाण्याकडे पाहिलं नाही, सगळे मोबाइलकडेच पाहत. मग मी जुनी दिसू लागले आणि रिसॉर्टवाल्याने मला भिंतीमागे फेकलं. माझ्यावर कपडे वाळत घातले जात. मी तक्रार केली नाही. ओले टॉवेल त्या पाहुण्यांपेक्षा बरे होते.

तिथून मला रोहिणीने नेलं. रोहिणी शाळेत भूगोल शिकवते. तिचे वडील धोंडीराम, म्हणजे अण्णा, आयुष्यभर प्रवासी बस चालवत होते. निवृत्त झाले आणि वर्षभरात अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. चांदवडच्या घाटात रात्रंदिवस गाडी हाकलेला माणूस खिडकीशी खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या पाहू लागला. रोहिणीला ते बघवेना. तिने माझ्यावर लहानसं शीड बसवलं आणि मागच्या बाजूला, उजव्या हाताला येईल असं सुकाणू लावलं.

पण शीड म्हटलं की वारा मला कलंडवणार. म्हणून तिने दोन्ही बाजूंना दोन लांबट पोकळ तरंगे लावले. कोकणातले लोक त्यांना उलांडी म्हणतात. उलांड्या मला जोडल्या होत्या दोन आडव्या बांबूंनी, दोरीने घट्ट बांधून. बांबू लांब होते, जरासे वाकत, पण तुटत नव्हते. अण्णांना उचलून मागे बसवलं, त्यांनी सुकाणू धरलं आणि पाण्यावर पहिलं वळण घेतलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ब्रेक कुठं हाय हिचा?"

रोहिणी हसत हसत रडली. मला त्या दिवशी माणसांबद्दल बरं वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही.

कारण मनोज आला.

मनोज म्हणजे रोहिणीचा चुलतभाऊ. अंबडला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे करतो आणि ते बरे करतो, हे मी कबूल करते. पण ज्याने गेट केलं त्याला वाटतं की जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे गेटच आहे. तो माझ्याभोवती फिरला आणि बांबूला पायाने ढोसलं.

"हे काय गं रोहिणी? मांडवाचं सामान लावलंय? लोक हसतील. मी लोखंडी बॉक्स पाइपचे दांडे करून देतो. एकदम हेवी. लुक येईल."

"मनोजदादा, बांबू हलके आहेत म्हणून चालतात. आणि लांबी कमी करू नकोस."

"गाडीच्या टपावर मावायला नको? तू टेन्शन नको घेऊ. काकांसाठी करतोय मी."

काकांसाठी म्हटलं की कोण बोलणार? रोहिणीने मला त्याच्या हवाली केलं. तेवढा एकच राग मला तिच्यावर आहे.

मनोजने मला वर्कशॉपला नेलं. एकदाही होडीत न बसलेल्या त्या माणसाने माझ्या अंगाला चार भोकं पाडली, खालून कसलीही फळी न देता बोल्ट आवळले आणि आखूड, जड, ताठ दांडे ठोकून बसवले. वर चंदेरी रंग. मग लांब उभा राहून त्याने मान डोलावली. सजवलेल्या बैलाकडे गिऱ्हाईक बघतं तसं. उलांड्या आता माझ्या अंगाला चिकटल्या होत्या आणि लोखंडाच्या वजनाने अर्ध्या पाण्यात बुडाल्या होत्या. पण लुक आला होता.

रविवारी सगळे धरणावर आले. मनोज काठावर मोबाइल धरून उभा. "काका, इकडे बघा! हात करा!" अण्णांनी हात केला नाही. त्यांचा चालणारा हात एकच, आणि तो सुकाणूवर होता.

अण्णा आणि रोहिणीला घेऊन मी मध्यावर गेले आणि डोंगराकडून वारा सुटला. शीड भरलं. मी उजवीकडे झुकले. बांबू असते तर लांबवरच्या उलांडीने मला उचलून धरलं असतं. ही आखूड उलांडी सरळ पाण्याखाली गेली. लोखंड वाकेना, पाणी हटेना. मग जे मऊ होतं तेच फाटलं, म्हणजे मी. बोल्ट माझ्या अंगातून उपटले, पाणी आत घुसलं आणि मी उलटले.

अण्णा पाण्यात गेले. अंगात लाइफ जॅकेट होतं, पण डावी बाजू निकामी झालेला माणूस लाटेत तोंड वर ठेवू शकत नाही. रोहिणीने त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि दुसरा हात माझ्या पालथ्या पाठीवर टाकला. "अण्णा, माझ्याकडे बघा! बघा माझ्याकडे!" ती ओरडत होती. मी अर्धी बुडाले होते, तरी मी खाली गेले नाही. मासेमारीची एक होडी येईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो.

काठावर अण्णा खोकत होते, थरथरत होते. आणि मनोज काय करत होता? तो वाकून दांडे तपासत होता.

"काका, वाऱ्याचं काय करणार? पण माझं वेल्डिंग बघा. एकही जोड सुटला नाही!"

अण्णांनी मान वर केली. "जोड नाय सुटला रे. माझ्या पोरीचा हात सुटला असता."

रोहिणीने मला विकायचं ठरवलं. ती हे बोलली तेव्हा अण्णा खुर्चीत होते. "माझी गाडी एकदा घाटात कलंडली व्हती," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. मला परत खिडकीत बसवू नको."

मग रोहिणीने लोखंड काढलं. माझी भोकं प्लॅस्टिक वितळवून बुजवली. नवे दांडे तिने ॲल्युमिनियमच्या पाइपचे केले, पहिल्या बांबूंपेक्षाही लांब. पहिल्यांदा ते फार खाली बसले, उलांड्या पाण्यात घासत राहिल्या. तिने सगळं सोडलं, पाइपांना वरच्या बाजूला हलका बाक दिला आणि अण्णांना काठाजवळच्या उथळ पाण्यात माझ्यात बसवून पाहिलं.

"मागं लोड जास्त हाय. मला थोडं पुढं घे," अण्णा म्हणाले. तिने घेतलं. आता उलांड्या पाण्याला जेमतेम टेकत होत्या. या वेळी एकही भोक पाडलं नाही. खाली फळी आणि वरून रुंद पट्टे.

परवा आम्ही पुन्हा मध्यावर गेलो. वारा आला, उलांडी दबली, दांडा किंचित वाकला आणि त्याने मला वर उचललं. काठावरून मनोज ओरडला, "मी सांगितलं तसंच केलं ना शेवटी!"

"अण्णा, हळू! डावीकडे घ्या, डावीकडे!" रोहिणी घाबरून सांगत होती.

"गप बस," अण्णा म्हणाले. "चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये."

मित्रांनो, वस्तू सुधारायची हौस असेल तर जरूर सुधारा. पण आधी त्या वस्तूत बसा, तिचा भार अंगावर घ्या आणि तिच्यात कोण बसणार आहे ते पाहा. तेवढं जमत नसेल, तर कृपा करून आपले हात खिशात ठेवा.