मान न वळवता

न्यायमूर्तीबाई फाइल चाळत होत्या आणि ताई मागच्या बाकावर पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

धाकट्या भावाला लूटमारीत शिक्षा झाली ती त्याच्या डाव्या हातामुळे. रंगारी तो, ब्रश कायम डाव्या हातात; अख्खी गल्ली त्याला डावऱ्याच म्हणायची. औषधाचं दुकान लुटणाऱ्याने तोंडाला फडकं बांधलेलं, पण समोरच्या न्हाव्याने छातीठोक सांगितलं, "सुरा डाव्या हातात होता. अंगकाठीही डावऱ्याचीच." संपलं. आणखी पुरावा शोधायचे कष्ट कोण घेतो?

आज अपील. वकीलबाई अगदीच पोरसवदा. हिला न्यायमूर्ती फुंकरीसरशी उडवतील, अशी ताईची धास्ती.

"साक्षीदाराचे शब्द वाचते," वकीलबाई म्हणाल्या. "'मी दाढी करत होतो. वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यावर असताना मी मान वळवत नाही. माझ्या बापानेही कधी वळवली नाही.'"

हशा पिकला.

"मान वळवली नाही. लूट झाली पाठीमागे, रस्त्यापलीकडे. मग दिसलं कशात?"

सरकारी वकील अडखळले. "आरशात... असेल."

न्यायमूर्तीबाईंनी चष्मा वर सरकवला. "आणि आरशात डाव्याचं उजवं होतं, हे खालच्या कोर्टात कुणालाच सुचलं नाही?"

सरकारी वकिलांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"एवढ्या पुराव्यावर माणसाला तुरुंगात ठेवता येणार नाही. शिक्षा रद्द."

कोर्टात टाळ्या चालत नाहीत, म्हणून ताईने पिशवीच उराशी आवळली. आतल्या केळ्यांचा चेंदामेंदा झाला.

भाऊ सुटला, तशी ती त्याला थेट न्हाव्याकडे घेऊन निघाली.

"अगं, आधी जेवायला तरी घाल!"

"या दाढीत घासाला वाट सापडायची नाही. चल."

न्हावी एकाच्या गालाला साबण फासत होता. आरशात दोघं दिसली आणि त्याचा हात थांबला.

"आरशात नको, दादा," ताई म्हणाली. "मागे वळून बघा."

न्हावी वळला. अख्खा वळला.

"हा माझा भाऊ. डावखुरा, पण खराखुरा."

"चुकलो रे, डावऱ्या," न्हावी पुटपुटला आणि रिकामी खुर्ची दोनदा झटकली.

भाऊ ऐटीत बसला, मान मागे टाकली. "दाढी तर काढाच, आणि डावा कल्ला जरा लांब आहे, तोही कापा. माझा डावा हं. आरशातला नव्हे."

साबण लावलेलं गिऱ्हाईक फेसासकट हसलं.