घोडा आला का येतो

अमेरिका रुसली नसती तर माझं लग्न इस्तारीशी झालं असतं. हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून कधी सांगितलं नाही. पण आता पासष्टी गाठली, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आता कोणाच्या बापाची भीती आहे?

मी मूळची चिमूरची. इस्तारीही आमच्याच गावचा, तळ्याकाठच्या ढिवर मोहल्ल्यातला. त्याच्या घरी सगळे जाळं टाकणारे. हा एकटा शिकला, फौजेत गेला आणि तिथे त्याला घोड्यांच्या कामाला लावलं. सईस म्हणजे घोड्याला खरारा करणारा, दाणापाणी देणारा, रात्री त्याच्याच पायथ्याशी झोपणारा माणूस. गावात लोक हसत, मासोळ्या धरणाऱ्याच्या हाती लगाम म्हणून. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात आमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. त्या दिवशी जरा एकांत मिळाला तेव्हा तो अर्धा तास बोलला, आणि सगळा अर्धा तास त्याच्या घोड्याबद्दल. कागदावर त्या घोड्याचं काही भारी इंग्रजी नाव होतं, पण हा त्याला झिंगा म्हणायचा. अडथळा समोर आला की घोडा जाळ्यातल्या झिंग्यासारखा उसळायचा म्हणे. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई, तुझी सवत आधीच घरात आहे.

तरी तो मला आवडला. आपल्या कामाबद्दल इतका जीव टाकून बोलणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता, खरं सांगायचं तर नंतरही नाही.

त्याच वर्षी मॉस्कोला जगाचे खेळ होते. रशियानं अफगाणिस्तानात फौज घातली म्हणून अमेरिका रुसली आणि तिच्या मागं आणखी कितीतरी देश रुसले. लग्नात मोठे सोयरे रुसून बसले की उरलेल्यांच्या पानात जिलबी जास्त पडते, तसं आपलं झालं. घोडेस्वारीत नेहमी पुढं असणारेच आले नाहीत, म्हणून आपल्या फौजेतल्या स्वारांचा नंबर लागला, असं इस्तारी सांगायचा. स्वारांसोबत घोडे गेले आणि झिंगासोबत इस्तारी गेला. आमच्या चिमुरातून नागपूरच्या पलीकडे फारसं कोणी गेलेलं नव्हतं, आणि माझा होणारा नवरा रशियाला.

ऑगस्टात त्याची चिठ्ठी आली. पोस्टमननं ती आधी चार जणांना दाखवली, कारण तिकिटावर घोडा उडी मारत होता. आत जेमतेम सहा ओळी. मोठमोठे देश आलेच नाहीत, अर्धे तबेले खाली पडले आहेत, त्यांत चिमण्या येऊन बसतात. इथले लोक काळी भाकर खातात. आणि शेवटी: 'घोडा आला का येतो. तोवर दम धर.' आला का, म्हणजे आला की लगेच.

आता चिमूरबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. इतर गावांत घोडा म्हणजे जनावर. चिमुरात घोडा म्हणजे तारीख. माघात आमच्या बालाजीची यात्रा भरते, देव लाकडी घोड्यावर बसतो आणि रथातून गावात फिरतो. त्या अख्ख्या यात्रेला आम्ही नुसतं घोडा म्हणतो. मागच्या घोड्याले घेतलेली साडी, घोडा झाल्यावर हळद काढू, पोरगी घोड्याच्या आदल्या दिवशी झाली. चिमूरच्या माणसानं चिमूरच्या पोरीला लिहिलं, घोडा आला का येतो, तर त्याचा दुसरा अर्थ निघेल कसा? आमच्या घरात तर कोणाला शंकासुद्धा आली नाही. बाबांनी फाल्गुनातला मुहूर्त काढून ठेवला.

माघ आला. मी साक्षगंधाची हिरवी साडी नेसले आणि मंदिराजवळच्या बांगडीवाल्याकडे जाऊन बसले, कारण तिथून बसस्टँडवरून येणारा रस्ता दिसतो. बांगड्या भरायच्या, काढायच्या, पुन्हा भरायच्या. तीन दिवस मी प्रत्येक बस पाहिली. पाळणे लागले होते, गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत फौजेच्या हिरव्या रंगाचं काही दिसलं की मी उठून उभी राहायचे. देव घोड्यावर बसून गेला, पाळणे उतरले, बांगडीवाल्यानं दुकान आवरलं. इस्तारी आला नाही.

त्याच्या घरी विचारावं तर त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. त्या घरात लिहिणं-वाचणं येणारा तो एकटाच. रागानं बाबांनी त्याचा फौजेतला पत्ता फाडून टाकला. कोणी म्हणालं, रशियात मेम केली असेल. बाबा दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी माजरीचं स्थळ पाहायला गेले. वैशाखात माझं लग्न झालं.

नवरा वाईट नव्हता. भैयाजी कोळसाखाणीत होते. कितीही धुतलं तरी त्यांच्या उशीच्या खोळीवर काळी छाया राहायची, आणि मी ती एकोणचाळीस वर्षं दर रविवारी घासली. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही, मला कधी उपाशी ठेवलं नाही. पण माघात माहेरी जायचं म्हटलं की माझं डोकं दुखायचं. ते म्हणत, तुमच्या गावाले सारं जग जाते, तू काऊन जात नाई? मी म्हणायचे, गर्दी सोसत नाही. चिठ्ठी मी पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाच्या खाली ठेवली होती. इस्तारीची आठवण येत नव्हती असं म्हणणार नाही. येत होती, आणि तिच्यासोबत रागही येत होता. पुढं पुढं तर दोन्हींतला फरक मला सांगता येईना.

माझी पोरगी डिंपल योगायोगानं चिमुरातच दिली आहे. या माघात तिचा फोन आला आणि बोलता बोलता ती म्हणाली, यात्रेत मोहर्लीचा एक म्हातारा लेकरांना घोड्यावर फिरवून राह्यला, फौजी आहे, रशियाच्या गोष्टी सांगते, इस्तारीभाऊ म्हणतात त्याले. मी फोन ठेवला आणि डबा काढला. पंचेचाळीस वर्षं एकच प्रश्न पोसला होता, काऊन आला नाहीस. तो विचारायचा, चिठ्ठी तोंडावर फेकायची आणि परत यायचं, एवढंच ठरवून मी सकाळची बस धरली.

दुपारी उन्हात तो पाळण्यांच्या मागं दिसला. वाळून त्याची काटकी झाली होती, पण घोड्याच्या मानेवर हात ठेवण्याची पद्धत तीच. घोडा कसला, पांढरं बुटकं तट्टू. त्यानं मला लगेच ओळखलं. "मैना," एवढंच म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढली.

मी चिठ्ठी पुढं केली. "वाचा," म्हटलं. त्यानं खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत सगळ्या ओळी वाचल्या आणि माझ्याकडे पाहिलं. जणू चूक माझीच असं त्याचं तोंड झालं होतं.

"लिवलं होतं ना, दम धर म्हनून," तो म्हणाला. "तू नाई धरला."

माझा संताप झाला. मी म्हटलं, "घोडा येऊन गेला. तीन दिवस बांगडीवाल्यापाशी बसली होती मी. तुमी कुठी होते?"

"घोडा कुठी आला?" तो म्हणाला. "तो तर आलाच नाई अजून."

पाळण्यावरची पोरं ओरडत होती. कोणता घोडा ते आधी त्याला कळलं की मला, आता आठवत नाही. तो मटकन खाली बसला, तट्टूच्या पायापाशी, आणि मीही साडी सावरून त्या धुळीत बसले.

त्यानं हळूहळू सांगितलं. दौडीत झिंगाचा पाय खड्ड्यात अडकला. परदेशी डॉक्टर म्हणाले, हा आत्ता प्रवासाला चालणार नाही, बरा झाला की जहाजानं पाठवू. बाकी घोडे आणि माणसं परत निघाली, हुकूम म्हणून त्यालाही निघावं लागलं. घाईघाईत त्यानं चिठ्ठी लिहिली. जनावर लंगडं झालं हे लिहायला त्याचा हात धजला नाही, शुभकार्य समोर असताना. म्हणून फक्त लिहिलं, घोडा आला का येतो. मग इकडे येऊन तो फौजेच्या डेपोत वाट पाहत बसला. साहेब म्हणायचे, अगले महीने. माघात त्याची सुट्टी मंजूर होती. त्याच महिन्यात जहाज लागणार अशी खबर आली, म्हणून त्यानं सुट्टी परत केली; चिठ्ठीत लिहिलंच आहे म्हणून पुन्हा काही कळवलं नाही. जहाज आलं, त्यात झिंगा नव्हता. त्याचं पुढं काय झालं ते कोणीच सांगितलं नाही. आषाढात इस्तारी गावी आला तेव्हा मी माजरीत होते. पुढं त्यानं लग्न केलं नाही, फौजेतून सुटल्यावर मोहर्लीला पुतण्यापाशी राहिला.

एका शब्दासाठी आमचं आयुष्य गेलं. चिमुराबाहेर कुठं जन्मलो असतो तर गेलं नसतं.

मग मी विचारलं. जे विचारायला आले होते ते नव्हे, दुसरंच. "मी माघात वाट पाहून राह्यली, हे तुमाले कळलं असतं, तर आले असते?"

त्यानं तट्टूच्या पायावरून हात फिरवला. हो म्हणाला असता तर त्या एका होवर मी उरलेले दिवस काढले असते. खोटं असतं तरी काढले असते.

"नाई," तो म्हणाला. "त्याले दुसऱ्याच्या हातचा दाना चालत नव्हता, मैना. जहाजातून उतरला असता अन् मी नसतो तर? तुले तं घरचे होते."

मी उठले. तरातरा बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेले. तिथे आता त्या जुन्या बांगडीवाल्याचा नातू बसतो. रडू आलं, तेही भर बाजारात, या वयात. बाईपेक्षा घोडा मोठा. आणि रडता रडता कळलं की हेच तर मला त्या साक्षगंधाच्या दिवशी आवडलं होतं. मुक्या जनावराला दिलेला शब्द जो असा पाळतो, त्याच्या घरात मला नांदायचं होतं. अजूनही नांदायचं आहे, हे त्या दुकानासमोर उभं राहून मी स्वतःशी कबूल केलं, आणि माझं मलाच नवल वाटलं.

चिठ्ठी त्याच्याकडेच राहिली होती, म्हणून परत गेले. निदान स्वतःला तसं सांगितलं.

ऊन कलायला लागलं होतं आणि त्याचं आवरणं चाललं होतं. मोहर्ली जंगलाकाठी, तिथे वाघाच्या भीतीनं पाचलाच घोडा गोठ्यात कोंडावा लागतो. त्याचा पुतण्या भूपेश छोटा हत्ती म्हणतात तो टेम्पो घेऊन आला होता. त्या एवढ्याशा गाडीत तट्टू मुकाट्यानं चढलं. मी त्याचं नाव विचारलं. "झिंगा," इस्तारी म्हणाला. "हा चवथा."

त्यानं चिठ्ठी घडी करून माझ्या हाती दिली. मग आमच्याकडे जाणारा माणूस म्हणतो तेच म्हणाला. "येतो."

मी गाडीची फळी धरली. "कवा?"

"आता पुढच्या..." त्यानं बोलायला तोंड उघडलं.

"घोड्याचं नाव घेऊ नका," मी म्हटलं. "तारीख सांगा. मी इथीच आहो, माझ्या पोरीकडे, डिंपलकडे."

भूपेश हसायला लागला. इस्तारी हसला नाही. त्यानं बोटांवर दिवस मोजले, पुतण्याकडून पेन घेतला आणि गाडीच्या फळीवर चिठ्ठी ठेवून त्या जुन्या ओळीच्या खाली लिहिलं. येत्या सोमवारी, दहाच्या बसनं, डिंपलच्या घरी. अक्षर आता कापतं, पण वळण तेच आहे. गाडी गेल्यावर मी ती ओळ वाचली. मग त्यात घोडा हा शब्द कुठे नाही ना, म्हणून पुन्हा एकदा वाचली.