गेला, आला

१४ मार्च. आकाश निरभ्र, वारा पडलेला, उकाडा.

आमच्या खगोल मंडळाच्या या महिन्याच्या आकाशपत्रकात आजच्या तारखेला एकच ओळ होती: संध्याकाळी चंद्र एका ताऱ्याला झाकील आणि पाऊण तासाने सोडील. आमची पद्धत एकोणीस वर्षांची आहे. मी गच्चीत दुर्बिणीला डोळा लावतो; तारा चंद्राआड जाताच ‘गेला’ ओरडतो, बाहेर पडताच ‘आला’. तिच्या दिव्याने माझे डोळे दिपू नयेत म्हणून पत्नी माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बसते आणि ऐकताक्षणी घड्याळ पाहून वेळ लिहिते.

गेल्या महिन्यात असाच एक तारा गेला, तो बाहेर आलाच नाही. तासभर मी डोळा हलवला नाही, तोंड उघडलं नाही. वहीत मात्र तिच्या अक्षरात ‘आला’, आणि वेळ सेकंदासकट. मी ती ओळ खोडली आणि वही मंडळात दिली.

“दादा, तारा रुसला वाटतं तुमच्यावर!” चिटणीस सगळ्यांदेखत म्हणाला. “आम्हाला तर दिसला बुवा. वहिनींचे कान तरी शाबूत आहेत. पुन्हा खाडाखोड दिसली, तर तुमच्या एकोणीसही वर्षांच्या वह्या बाद.”

कालचा पोरगा! त्याला चंद्राची कला कळत नव्हती तेव्हापासून मी थंडीत कुडकुडत नोंदी केल्या आहेत. तळपायाची आग मस्तकात गेली ती घरी येऊन हिच्यावर ओतली.

“मी पदरचं काही घालत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही ओरडलात, मी लिहिलं.”

महिनाभर आम्ही कामापुरतं बोललो.

आज ‘गेला’ म्हणालो आणि लगेच रुमालाचा बोळा दातांत धरला, इतक्या त्वेषाने की जबडा दुखू लागला. तारा दिसला असता तर काढला असता. चंद्राची कड कोरी राहिली. पाऊण तास झाला आणि माझ्या पाठीमागून, माझ्याच आवाजात, कोणीतरी ओरडलं, “आला!”

मी वळलो. हिची पाठ, आणि चालतं पेन.

“ऐकलं हो,” ती म्हणाली. “केवढ्यानं ओरडता! शेजारी काय म्हणतील?”

रुमाल अजून माझ्या दातांतच होता. पुन्हा पाहिलं. कड कोरीच. मग तिच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि त्या ओळीवर बराच वेळ धरून उभा राहिलो. शेवटी टोपण लावून ते तिला परत दिलं.

वही उद्या मंडळात जाईल. गेला: सात वाजून एक्केचाळीस मिनिटं, सहा सेकंद. आला: आठ वाजून सत्तावीस मिनिटं, बावन्न सेकंद. खाडाखोड नाही.