दाढीला पडलेलं चित्र

माझ्या हनुवटीवर आज एक केस नाही, आणि याला जबाबदार एकच माणूस: खापर गावचा कय्युमचाचा. मोठ्यांना नावं ठेवू नयेत म्हणतात. मी बोकड आहे. मी ठेवणार.

शिक्षणाचं विचाराल तर मी दुसरीत शाळा सोडली. म्हणजे शाळेच्या कुंपणातून तोंड घालून पहिलीचं पुस्तक अख्खं खाल्लं, दुसरीचं अर्धं झालं आणि गुरुजींनी छडी काढली. तेवढ्या शिक्षणात माणसाची पारख मात्र पक्की झाली.

माझा डावा कान अर्धाच आहे. चाचानं मला गल्लीत बांधलं, स्वतः विडी ओढायला गेला, गप्पांत रमला. तेवढ्यात कुत्र्यानं अर्धा कान नेला. चाचानं कुत्र्याला शिव्या घातल्या. गप्पांना कोण घालणार?

पण तोच कान माझा जीव होता. ईदच्या कुर्बानीला बोकड बिनखोडीचा लागतो. अर्धा कान गेलेला चालत नाही, हे खापरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाचालाही ठाऊक. म्हणून ईद पंधरा दिवसांवर आली तशी त्यानं लाल-पिवळ्या लोकरीची झालर आणून माझ्या शिंगांना बांधली. दोन्ही कान झाकले. वर मला नवरदेव म्हणाला. उठता-बसता पोरांना इमान शिकवणारा माणूस!

एवढ्यावर तरी थांबायचं. पण बाजारात बोकड ढिगानं, गिऱ्हाइकानं आपल्याच दाराशी थांबावं म्हणून त्यानं माझं चित्र लावायचं ठरवलं. बोलावलं पुतण्याला, इद्रिसला. इद्रिस विशीतला, चौथीत शाळा सोडलेला, टांग्यांवर मोर काढून पोट भरणारा.

"हुबेहूब पाहिजे," चाचा म्हणाला. "पोट दखीसन गिऱ्हाईक थांबाले पाहिजे."

इद्रिसनं झालर उचलली, कान पाहिला, झालर सोडली. मग चार दिवस माझ्यासमोर उकिडवा बसून राहिला. मी लेंड्या टाकल्या तरी टक लावून पाहायचा. कोणाला लाज वाटणार नाही?

"काय करी ऱ्हायना रे?" चाचा वैतागला.

"दखी ऱ्हायनू, चाचा."

"चार दिन? बोकड शे का नवरी शे?"

पाचव्या दिवशी त्यानं कोळसा घेतला आणि गोठ्याची भिंत माझ्यानं भरून टाकली. बसलेला मी, खाजवणारा मी, एक तर नुसता मागून. त्यानंतर रॉकेलच्या खोक्याच्या फळ्या ठोकल्या, चुना फासला, गेरू आणि काजळी बाभळीच्या डिंकात घोटली. चावलेल्या दातणानं पोट झालं, पाय झाले. बारीक कामाला कुंचला हवा होता. त्यासाठी चाचाकडे पैसे मागितले.

"समोर बोकडले येवढी दाढी शे नि पैसा मांगस?"

झालं. कात्री आली. माझी दाढी बांबूच्या काडीला बांधली गेली आणि त्याच कुंचल्यानं इद्रिसनं चित्रात माझी दाढी काढली. तिकडे दाढी, इकडे सफाचट. हसा.

शेवटी त्यानं कान काढला. अर्धा. कुत्र्याच्या दातांची कातरसुद्धा जशीच्या तशी. चाचाच्या नजरेला पडलं तर तो पुरा करायला लावणार, आणि मग माझ्या मानेचं काही खरं नव्हतं.

चित्र पाहायला चाचा आपले दोन दोस्त घेऊन आला, वाहरू सुतार आणि सुकलाल तेली.

"शिंगं धाकला दिसतस," वाहरू म्हणाला.

"पोट आखो थोडं फुगाड," सुकलाल म्हणाला.

"बरं," इद्रिस म्हणाला. त्यानं कुंचला धुतला, वाळवला, चित्राला बोटही लावलं नाही. सांजेला तिघं परत आले.

"हाई दख! आते कसं जमनं!" वाहरू म्हणाला.

चाचानं पोटावरून नजर फिरवून मान डोलावली. कान कोणी पाहिला नाही. साठ-साठ वर्षं डोळे वापरलेली माणसं!

बाजाराच्या दिवशी चित्र बाजारपेठेतल्या आमच्या दारावर लागलं. नवापूरचे लाकडाचे व्यापारी निजामभाई थांबले. चाचा धावला. "या, या! पोट दखा!"

निजामभाई पोट पाहीनात. फळीला नाक लावून उभे राहिले. "कय्युमभाई, चित्रमा कान अर्धा का बरं?"

चाचा आत्ता कुठे चित्राकडे नीट पाहत होता. घाईनं म्हणाला, "पोऱ्यानी गफलत शे. कान काढता काढता रंग सरी गया."

"रंग आखो बाकी शे, चाचा," इद्रिस मागून म्हणाला. "झालर काढा. मन्ही चूक व्हई तर आत्तेच पुरा करी देसू."

निजामभाईंनीच झालर उचलली. भर बाजारात माझा अर्धा कान उन्हात आला. मी तो हलवूनही दाखवला. वाहरू आणि सुकलाल सगळ्यात मोठ्यानं हसले, जणू त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

निजामभाई चाचाकडे पाठ करून इद्रिसकडे वळले. चाचाला तेच झोंबलं. ते इद्रिसला म्हणाले, "तुन्हा डोया खरं दखस. नवापूरले ये, मन्ही वखारनी पाटी तूच काढ."

ती ईद गेली, पुढच्या सात गेल्या. झालर मी दुसऱ्याच दिवशी खाल्ली. चित्र आता गोठ्यावर टांगलंय, पोटाचा गेरू उडालाय, कान शाबूत आहे. चित्राची युक्ती आपलीच, असं चाचा पाहुण्यांना सांगतो. इद्रिस वर्षातून एकदा नवापूरहून येतो, नवं चित्र सगळ्यांआधी मला दाखवतो, मी कोपरा चावून पाहतो. मग तो कात्री काढतो. दुसऱ्या कुठल्या केसाचा कुंचला त्याला जमत नाही म्हणे.

तुम्हाला एकच सांगणं. कोणी मन लावून काढलेलं चित्र दाखवलं तर पोट पाहून मान डोलावू नका. जरा कानाकडे बघा.

मला हे चित्र दाढीला पडलं. सात वर्षं झाली, दाढी नाही.