इंदूबाईवरचं गाणं

रिपोर्टची फाइल काढायला इंदूबाईने पिशवीत हात घातला आणि फाइलसोबत नवऱ्याची, श्रावणची, गाण्यांची वहीही वर आली. एसटी अमरावतीहून अकोटकडे निघाली होती. श्रावणने वही घ्यायला हात पुढे केला, पण तोवर तिने पान उघडलं होतं.

तिची गाठ साधी निघाली होती. कॅन्सर नाही, असं डॉक्टरने तासाभरापूर्वीच स्वच्छ सांगितलं होतं. दवाखान्याच्या जिन्यावर इंदूबाई ढसाढसा रडली. आणि श्रावण? अरे बाप रे, त्याला आधी आठवलं काय, तर वहीतलं गाणं! आता हे वाया जाणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच किळस वाटली.

अकोटच्या आसपास कुणी गेलं, की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला श्रावणला बोलावणं यायचंच. गेलेल्या माणसावर तो दोन दिवसांत पाच कडवी बांधायचा आणि पेटीवर म्हणायचा. मांडवात हुंदके सुरू झाले, की त्याच्या छातीत गोड कळ उठायची. तसं सुख त्याला संसारातही कधी मिळालं नव्हतं. या वेळी तर चांगला महिनाभर वेळ हाती होता. इतकं सुरेख गाणं त्याच्याकडून आजवर झालं नव्हतं.

इंदूबाईने वर लिहिलेलं नाव वाचलं. तिचंच होतं.

"हे कवा लिवलं?"

"गाठीचा तुकडा तपासाले देल्ला ना, त्या दिवशी सुरू केलं."

"म्हना."

"इंदू, फाडून टाकतो मी."

"म्हना म्हनलं ना!"

त्याने हळू आवाजात सुरू केलं. दुसऱ्या कडव्यापासून आवाज आपोआप चढला. पुढच्या सीटवरची अनोळखी बाई मागे वळली, ऐकता ऐकता पदर डोळ्यांना लावू लागली. श्रावण तिच्याकडेच बघत गात होता. आणि इंदूबाई श्रावणकडे.

गाणं संपलं. जिन्यावर आलेलं रडू आता तिला आलं नाही.

"आपल्या पायलचं नाव नाई त्याच्यात," ती म्हणाली. "तिसऱ्या कडव्यात टाका. लेक रडली पायजे न."

श्रावणची मान खाली गेली. लाजेने त्याचे कान तापले. मग त्याने खिशातून पेन काढला आणि तिसरं कडवं शोधलं. बस हलत होती, अक्षर वाकडं आलं. त्याने ते खोडून पुन्हा नीट लिहिलं.