तवा गॅसवर, टोप फळीवर

मित्रांनो, मी एक जुना भाताचा टोप आहे. माणसाचा इतिहास तलवारीनं नव्हे, टोपानं घडवला, असं माझं प्रामाणिक मत आहे. रिकाम्या पोटी कुणी थोर होत नाही. भरल्या पोटीही फारसं कुणी होत नाही, हे मात्र रामनगरात इतकी वर्षं काढल्यावर मला कबूल करावं लागतं.

मी जर्मनचा आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचा. इंदुबाई नवी नवरी होत्या तेव्हा त्यांनी मला रामनगरच्या आठवडी बाजारात बोटानं वाजवून पाहिलं, कानाशी धरलं आणि घेतलं. शेजारी माझ्यासारखेच आणखी टोप होते. त्यांना घेतलं नाही. ते माझ्याकडे मत्सरानं पाहत होते आणि मला ते आवडलं होतं. मत्सर दुसऱ्याचा असला की फार छान वाटतो.

इंदुबाईंचे यजमान लक्ष्मणराव. बेळगाव-गोवा रस्त्याला त्यांचं टायरचं दुकान आहे. ट्रकवाले सांगतात की असा पंक्चर काढणारा घाटाच्या अलीकडे नाही. दुपारी ते घरी येत, मांडी घालून पाटावर बसत आणि ताटात भाताचा डोंगर मागत. डोंगराच्या माथ्यावर खळगा, खळग्यात आमटी. एकदा चौथ्या वाढीला ते म्हणाले होते, "इंदू, तुज्या ह्या टोपातला भात लई मोकळा हुतो बघ." लक्षात घ्या, ते 'तुज्या हातचा' म्हणाले नाहीत. टोपातला म्हणाले. त्या वाक्यावर मी वीस-बावीस वर्षं काढली.

पुढं तो डोंगर हळूहळू ताटातून लक्ष्मणरावांच्या पोटावर सरकला. मग पोट गुडघ्यांवर आलं. मांडी सुटली, पाट सुटला, ते खुर्चीत बसून जेवू लागले. दुकानात टायरपाशी वाकायचं काम नोकर करू लागले आणि लक्ष्मणराव स्टुलावरून शिव्या देऊ लागले. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते वैष्णवीचं लग्न ठरल्यावर. वैष्णवी ही त्यांची एकुलती लेक, बेळगावला नोकरीला असते. बोलणी झाली, वैशाखातला मुहूर्त निघाला, आणि सगळे चहा पीत असताना लक्ष्मणरावांच्या आत्यानं बशी खाली ठेवून विचारलं, "कन्यादानाला पाटावर कोन बसनार?"

"मी. बाप मी न्हवं का?" लक्ष्मणराव म्हणाले.

"बसशील रे. उठवायला काय क्रेन आणायची काय? त्यापरीस सुदेशला बसवा की. कसा काठीगत झालाय त्यो. बायकोसंगट झोकात बसंल."

सुदेश म्हणजे लक्ष्मणरावांचा धाकटा चुलतभाऊ, कॅसलरॉकला रेल्वेत. वर्षभरापूर्वी त्याचंही पोट शर्टाच्या बटणांशी भांडत होतं. मग त्यानं भात, चपाती, साखर सोडली आणि तो वाळला. आता प्रत्येक समारंभात त्याची कंबर बघून लोक 'व्वा' म्हणत. त्या 'व्वा'नं लक्ष्मणरावांना जितका त्रास झाला तितका गुडघ्यांनीही दिला नव्हता.

आत्या गेल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. तिनं सांगितलं, "बाबा, भात, चपाती, भाकरी, साखर, बटाटा, सगळं बंद. अंडी, मासे, चिकन, भाज्या खावा. डॉक्टरांना दाखवून घ्या आनी सुरू करा."

दुसऱ्याच आठवड्यात घरात तो आला.

तो म्हणजे नॉनस्टिक तवा. काळा, गुळगुळीत, बेळगावहून खोक्यातून आलेला. मित्रांनो, मी कुणाचं वाईट चिंतत नाही, याचं वगळून. त्याला लाकडी उलथनं. त्याला मऊ स्पंज. त्याला स्टीलचा चमचा लागला तर इंदुबाई लागलीच ओरडत. मला आयुष्यभर राख आणि नारळाच्या शेंडीनं खरवडलं, तेव्हा कुणी साधं 'अरेरे' केलं नाही. दिवसातून दोनदा त्याच्यावर आम्लेट व्हायचं, आणि दरवेळी लक्ष्मणराव म्हणायचे, "काय तवा हाय! कायसुद्धा चिकटत न्हाई."

चिकटत नाही यात कौतुक कसलं? माझ्या बुडाला भात चिकटायचा आणि ती खरवड मिळावी म्हणून वैष्णवी लहानपणी रडायची. त्याच्या बुडासाठी कुणी रडल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी फळीवर गेलो. इंदुबाई स्वतःपुरता मूठभर भात छोट्या कुकरात लावू लागल्या. माझ्यात पाल राहायला आली. तिचा स्वभाव चांगला होता, पण ती भात नव्हे.

सुरुवातीला वजन झरझर उतरलं. लक्ष्मणराव शेजारच्या किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभे राहून वजन करत आणि घरी येऊन सांगत. ते दिवस तव्याचे होते. फळीवरून मी खाली त्याची चकाकी पाहायचो आणि मनात म्हणायचो, थांब. काय थांब, ते मला माहीत नव्हतं. मत्सराला एवढं माहीत असावं लागत नाही.

मग थंडी पडली आणि नंदिगड्ड्याकडून रुक्माक्का आली. ती दर हिवाळ्यात कंद घेऊन बाजाराला येते आणि जाता जाता इंदुबाईंच्या दारात टोपली उतरवते. टोपलीत कोन होता. कोन म्हणजे आमच्या जंगलभागातला मांडीएवढा कंद. कापला की आत जांभळा नाहीतर पांढरा, उकडला की लोण्यासारखा.

"घे बाय," रुक्माक्का म्हणाली. "ह्यो खाल्लो की भाताची याद न्हाई येवची."

लक्ष्मणराव आतून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की जणू देवानंच टोपली पाठवली. भाताची आठवण येत नाही! गेले दोन महिने त्यांना दुसरी कसली आठवणच येत नव्हती. त्यांनी अख्खी टोपली घेतली.

आणि कोन उकडायला घरातलं सगळ्यांत मोठं भांडं लागतं.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. पाल गेली, मी खाली आलो, आणि माझ्यात पुन्हा पाणी खदखदलं. वर खोबरं, हिरवी मिरची, फोडणी. मी तव्याकडे पाहिलं. तो त्या दिवशी एका अंड्यापुरता उरला होता. रोज दुपारी लक्ष्मणराव ताट पुढं करत, इंदुबाई माझ्यातून डाव भरून वाढत, आणि ते म्हणत, "आनखी एक घाल. भाजीच हाय."

हे असं हिवाळाभर चाललं. काट्यानं मात्र जागा सोडली नाही. एकदा थोडा खाली, पुढच्या वेळी तितकाच वर. लक्ष्मणरावांनी आधी काट्यावर संशय घेतला. मग चप्पल काढून उभे राहिले. मग खिशातल्या किल्ल्या इंदुबाईंच्या हातात दिल्या. शेवटी त्यांचा संशय योग्य माणसावर, म्हणजे सुदेशवर गेला.

"त्यो कायतरी गोळ्या घेतोय," ते म्हणाले.

"भावजी कशाला गोळ्या घेतील?" इंदुबाई म्हणाल्या.

"मग आमच्या दोघांचं रक्त येक, आज्जा येक, पोट तेवडं येगळं कसं? बोलाव त्येला जेवायला. बघूया काय खातोय ते."

शिमग्याच्या सुट्टीत सुदेश आला. लक्ष्मणराव त्याच्या समोरच बसले, साहेब तपासणीला बसावा तसे. इंदुबाईंनी कोंबडीचा रस्सा वाढला, मला उचलून आणलं आणि लक्ष्मणरावांच्या ताटात पहिला डाव घातला. दुसरा घातला. सुदेशचा हात थांबला.

"वैनी, ह्ये काय?"

"भाजी. कोनाची. तुमच्या आण्णास्नी लई आवडती. रोज दोन डाव घेत्यात."

"तीन," लक्ष्मणराव म्हणाले. खाण्याच्या बाबतीत ते कधी खोटं बोललेले नाहीत.

"आण्णा, बटाटा बंद हाय न्हवं तुमचा?"

"दिवाळीपास्नं तोंडात घातला न्हाई. वैष्णवीनं सांगितल्यालं सगळं पाळतोय मी."

"आनी कोन?"

"कोनाचं नाव तिनं घेतलं न्हाई. आनी बटाटा बाजारातला. ह्यो जंगलातला. औषधी असतोय."

"पोटात गेल्यावर त्येला कोन इचारतंय, कुठनं आलास म्हणून?" सुदेश म्हणाला. "आवो आण्णा, आज्जीच्या वेळंला पावसात भात संपला की काय खायाचे आपल्याकडं? ह्येच. भाताच्या जागी. पोटभर."

इंदुबाईंचा डाव हवेतच राहिला. "रुक्माक्का बी तेच म्हणाली हुती. ह्ये खाल्लं की भाताची आठवण येत न्हाई म्हणून."

"मग? ते चांगलंच न्हवं का?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. लक्ष्मणरावांनी ताटातल्या जांभळ्या ढिगाकडं पाहिलं. हिवाळाभर ते भात सोडून भातच खात होते, फक्त रंग वेगळा होता. मला हे आधीच कळायला हवं होतं. माझ्यात जे शिजतं त्यानं आजवर कुणी बारीक झालेलं नाही. पण मी खूश होतो, आणि खूश माणूस चौकशी करत नाही. टोपही नाही.

"माजं बी असंच आडकलं हुतं, दोन म्हैने," सुदेश खाली बघत म्हणाला. "काजू. मूठ मूठ खायाचो. काजू चालत्यात म्हणून."

"हे आदी सांगायला काय झालं हुतं तुला?"

"तुमी इचारलं कवा? येवडं वरीस तुमी माज्या पोटाकडंच बघत हुता. त्वांडाकडं बघितलं असतं तर सांगितलं असतं."

लक्ष्मणरावांनी ताट पुढं केलं आणि कोन परत माझ्यात ओतला. परत. माझ्यात. असा अपमान मी पचवला, कारण दुसरं काही करता येत नाही.

मी पुन्हा फळीवर गेलो. खाली तव्यावर बांगडे, पनीर, अंडी. शेजारच्या कढईत लाल माठ, दोडका. तव्याच्या चकाकीत आता दुकानदाराला शोभेल असा माज होता. लक्ष्मणराव संध्याकाळी नाक्यापर्यंत चालून येऊ लागले. वजन पुन्हा उतरलं. झरझर नव्हे, आपलं हळूहळू, पण उतरलं. आणि मला पुन्हा मत्सर वाटू लागला, या खेपेला काट्याचासुद्धा.

पण एक गोष्ट मी फळीवरून पाहिली, ती सांगतो. चैत्रातल्या एका सकाळी लक्ष्मणरावांनी घराचं दार लावून घेतलं, जुना पाट काढला, फडक्यानं पुसला आणि त्यावर बसायला गेले. एक पाय दुमडला. दुसरा दुमडताना चेहरा वाकडा झाला. बसले. मग भिंतीला एक हात लावून, कुणाचा आधार न घेता उठले. आणि पुन्हा बसले. इंदुबाई दारात उभ्या होत्या.

"जमतंय की वो," त्या म्हणाल्या.

"बाप हाय मी तिचा," लक्ष्मणराव म्हणाले, आणि पाटावर बसल्याबसल्याच नाक पुसलं. त्या घटकेला मला तव्याची आठवण आली नाही. जरा वेळानं आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी इंदुबाईंनी मला खाली घेतलं. घासलं, उन्हात वाळवलं, आणि माझ्यात तांदूळ ओतले. पाच किलो तांदूळ, हळद आणि कुंकू लावलेले. अक्षता! मित्रांनो, भात पुन्हा माझ्याकडे आला, आणि असा आला की तो कुणी खाणार नव्हतं. अक्षतांनी कुणाचं वजन वाढत नाही. मला फुलांच्या टोपलीशेजारी जीपमध्ये ठेवलं. तवा घरीच राहिला. निघताना मी त्याच्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. त्याला काही चिकटत नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. जुन्या भांड्यांना फळीवर टाकून विसरू नका. पाल राहू देऊ नका. आज ज्याला स्पंज लावता, त्याचा गुळगुळीतपणा उद्या जाईल. ज्याला राखेनं घासलं, तो अजून उभा असेल. कधी कुणाला मंडपात न्यावं लागेल, सांगता येत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये मला भटजींच्या उजव्या हाताला ठेवलं होतं, म्हणून सगळं जवळून पाहिलं. पाहुण्यांत सुदेश दिसत होता, सडपातळ, नव्या शर्टात. मुहूर्त जवळ आला. लक्ष्मणराव सोवळ्याचं धोतर नेसून आले, पोटावर हात फिरवला, आत्याकडं एकदा बघून घेतलं आणि खाली वाकून शोधू लागले.

"भटजी, पाट कुठं हायत?"

"पाट कशाला?" भटजी म्हणाले. "सगळ्यांचेच गुडघे गेलेत. बसा की त्या लाल खुर्चीवर."

कन्यादान खुर्च्यांवर झालं. त्या हॉलमध्ये पाट कधी नव्हतेच.