विहिरीतल्या देवाचा फोटो

आमच्या विहिरीत देव सापडला तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला आणि आमच्या घरात पंचाईत झाली. कारण तो देव आमचाच होता. माझ्या सासूनं, गंगूबाईनं, वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं तो विहिरीत टाकला होता.

छप्पन साली आमच्या बौद्धपुऱ्यानं धम्म घेतला आणि घराघरांतले देव नदीत सोडायचे ठरले. नदी दोन कोस लांब. सासूच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर आणि डोक्यावर देव. देव म्हणजे काय, तर अर्धा फुटलेला पाटा. तिच्या सासूनं कधीतरी त्याला शेंदूर फासून कोपऱ्यात उभा केला होता आणि म्हसोबा म्हणून नैवेद्य सुरू केला होता. विहिरीपर्यंत येईस्तोवर माझ्या सासूची मान अवघडली. नदीत काय नि विहिरीत काय, पाणी ते पाणी, असं म्हणून तिनं तो तिथंच दिला सोडून.

पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाची मोठी विहीर आटली, आमची तगली. ज्यांनी आम्हाला कधी आपल्या विहिरीच्या काठाला शिवू दिलं नव्हतं, ते घागरी घेऊन आमच्या पुऱ्यात आले. आम्ही पाणी दिलं. पाण्याला नाही कसं म्हणायचं? तेव्हापासून उन्हाळा लागला की अख्खं गाव आमच्या विहिरीवर आणि ओळ एकच. सरपंच माणिकरावांच्या बायकोची, लिलाबाईची घागरही त्याच ओळीत.

शहात्तरच्या एप्रिलात गावातला फुलसिंग पडलेली बादली काढायला विहिरीत उतरला. त्याचा पाय दगडाला लागला. वर येऊन तो म्हणाला, "खाली कोणीतरी बसेल हाय!" एवढं पुरे झालं. त्याच रात्री माणिकरावांच्या स्वप्नात म्हसोबा आला. देवही मोठा शहाणा, येतो तो नेमका सरपंचाच्या स्वप्नात. माझ्या कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर हार, नारळ आणि भोंगा. माणिकरावांनी भोंग्यावरूनच जाहीर केलं की देव स्वयंभू आहे, जागृत आहे, त्याला जागचा हलवायचा नाही. अकरापर्यंत पूजा आणि पूजेवाल्यांचं पाणी. आमच्या बायकांनी अकरानंतर यायचं. पुढं देऊळ होणार, देवळाला कुंपण होणार. वऱ्हाडातलं मे महिन्यातलं अकराचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला वेगळं सांगायला नको. आणि अकरापर्यंत तळाशी उरणार काय, तर गढूळ पाणी. आमच्याच विहिरीवर आम्हीच शेवटच्या! माझं टाळकं फिरलं.

माझा नवरा जानराव बुडी मारण्यात पटाईत. तो तळाला जाऊन आला.

"पाटा हाय, पाटील," त्यानं सांगितलं.

"तुले काय समजते रे जान्या देवातलं?" माणिकराव म्हणाले. "तुमी तं देव सोडले."

"पाट्यातलं समजते ना."

त्याचं कोण ऐकतो? सासूनं टाकला म्हणून सांगितलं, तर म्हणे म्हातारीला भ्रम झाला. रातोरात काढून फेकावा, तर देव चोरला म्हणून गावानं आम्हाला झोडपलं असतं. शेवटी मीच ओरडले, "मंग त्याचा फोटो काढा! हलवाचं काम नाई, काई नाई. जसा बसला तसा दिसन."

माणिकराव खूश झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच देवाच्या फोटोचं कॅलेंडर आलं असणार. "काढा! देव निंघाला तं अकरा."

"आन पाटा निंघाला तं?"

"तं तुमची ओळ पह्यलेसारखी. बोललो मी!"

सगळ्या गावासमोर बोलले. मी ते शब्द पदरात बांधून घेतले.

माझा धाकटा भाऊ शेषराव वाशीमला कचेरीत शिपाई होता. त्याच्याकडं एक जुना डब्बा कॅमेरा होता. गरिबाचा कॅमेरा, एक बटण आणि एक काच, पण तो त्याला लेकरासारखा जपायचा. पाण्यात न्यायचा म्हटल्यावर तो किंचाळलाच.

"बाई, ह्याले माहा घाम लागला तरी मी पुसतो!"

"मंग नीट बांध, म्हंजे पुसा नाई लागनार."

दुकानातून पेपरमिंटच्या गोळ्यांची काचेची बरणी आणली, चौकोनी, कॅमेरा आत जाईल एवढ्या तोंडाची. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून एक रबरी हातमोजा मागून आणला. कॅमेरा बरणीत आडवा बसवला, काच बरणीच्या काचेला टेकवून. हातमोजा बरणीच्या तोंडावर ओढून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून आवळला. मोज्याची बोटं आत. बाहेरून मोज्यात हात घातला की आतलं बटण दाबता येतं आणि पाणी मात्र आत येत नाही. शेषराव बघतच राहिला. म्हणाला, हे कुठं शिकली? मी म्हटलं, लोणचं घालताना.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडं भर दुपारी सावली पायाखाली जाते आणि ऊन सरळ विहिरीच्या तळाला लागतं. तीच वेळ धरली आणि त्या सकाळी कोणी पाणी उपसायचं नाही असं ठरलं. काठावर सगळं गाव जमलं. जानरावानं बरणी घेऊन बुडी मारली आणि लगेच बुचासारखा वर आला. बरणीत हवा, ती कशाला बुडते? पुन्हा मारली. आता नवऱ्याचे पाय आभाळाकडं आणि बरणी तरंगतेच.

"देव नाई म्हणून राह्यला!" माणिकराव वरून ओरडले.

"देव नाई, हवा!" मी ओरडले आणि दुकानदाराचं पाच किलोचं वजन बरणीला बांधलं. मग गेली ती खाली.

रोलात सहाच फोटो शिल्लक होते, बाकीचे शेषरावानं एका बारशात उडवले होते. एक फोटो काढला की वर यायचं, मोजा सोडायचा, रोल पुढं सरकवायचा, पुन्हा आवळायचं. खाली पाणी मोजा आत दाबायचं आणि जानरावाचा हात पकडीत धरल्यासारखा व्हायचा. "चार हात दूर राहा, जवाई," शेषराव दर वेळी बजावायचा, "जवळून पुसट येते." पाय हलला की गाळ उठायचा. पाच बुड्या झाल्या आणि जानराव म्हणाला, "शेवाळ हाय त्याच्यावर. पुसतो आन गाळ बसू देतो."

सहाव्या वेळी तो गेला तो येईचना. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. त्याच्या कमरेला बांधलेला दोर ढिला पडला. काठावरचे सगळे पुढं सरकले, माणिकरावसुद्धा. मी मनात म्हणाले, मरू दे ती ओळ. अकरा काय, चारला भरीन पाणी, पण हा वर येऊ दे. मी देव मानत नाही, नाहीतर त्या वेळी त्या पाट्यालाही नवस बोलले असते. तेवढ्यात तो वर आला, डोळे लाल, ओठ काळे, बरणी छातीशी. मी त्याला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या आणि रडले.

आठ दिवसांनी शेषराव फोटो धुऊन घेऊन आला. विहिरीच्या काठावरच पाकीट उघडलं. पहिल्यात जानरावाचा पाय. दुसऱ्यात बेडूक, तो मात्र झकास आला होता. तिसरा काळा, चौथा पांढरा. पाचव्यात खालून दिसणारी काठावरची मुंडकी, सगळी सारखी. कोण पाटलीण आणि कोण बौद्धपुऱ्यातली, काही कळत नव्हतं. सहाव्यात तो.

माणिकरावांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. "हे पाहा डोये! हे कपाळ! हे नाक!" लोक वाकून पाहू लागले. दोघातिघांनी हात जोडले. खोटं कशाला सांगू, त्यांनी बोट ठेवलं तिथं मलाही डोळे दिसायला लागले. माझ्या शेजारी सासूचा हात अर्धा वर आला. मी तो धरला. सहा बुड्या मारून माझ्याच नवऱ्यानं माणिकरावांचं कॅलेंडर छापून दिलं होतं.

"पाहू," लिलाबाई म्हणाली. तिनं नवऱ्याच्या हातातून फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, त्यावरून बोट फिरवलं. "हे टाकीचे घाव हायेत."

"कायचे?"

"टाकीचे. पाट्याले टाकी लावते तसे. पाहा ना, रांगेनं हायेत. ईस वरसं झाले मी मिरच्या वाटून राह्यली. देव कसा दिसते मले नाई मालूम. पाटा मालूम हाय."

फोटो बायकांच्या हातून फिरला. एक हसली, मग दुसरी हसली, मग कोणालाच आवरेना.

"देव कोनत्याई रूपात येते!" माणिकराव गरजले.

"मंग घरचा पुजा," लिलाबाई म्हणाली. "त्याले तं रोज शिव्या देता, चटनी जाडी झाली म्हनून."

माणिकराव बोलून बसले होते, आणि तेही भरगावात. ते भोंगेवाल्यावर खेकसले आणि निघून गेले. जानरावानं दोर लावून पाटा वर काढला. सासूनं तो पाण्यानं धुतला आणि बराच वेळ नुसता पाहिला. वीस वर्षं ही बाई धम्माच्या सभेला पहिल्या रांगेत बसायची. पण मला माहीत आहे, थंडीच्या दिवसांत, तो खाली गारठला तर नसेल म्हणून, ती त्या विहिरीत वाकून पाहायची.

"लय झाला तुहा आराम," ती त्याला म्हणाली. "चाल आता, मिरच्या वाट."

दुसऱ्या दिवशी सहालाच मी विहिरीवर गेले. ओळ लागली होती. थोड्या वेळानं लिलाबाई घागर घेऊन आली आणि माझ्यापाशी थांबली.

"वच्छलाबाई, माहा नंबर कितवा?"

मला वाटलं, हिला पहिला द्यावा. कालचे तिचे उपकारच होते. मग मी ओळ मोजली.

"नववा," मी म्हणाले.

ती मागं जाऊन उभी राहिली.